वाचकांचे प्रश्न : पुण्यात शिकायला आलेलं मूल गप्प होतं तेव्हा

पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींच्या नैराश्याबद्दल आलेली सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. तुमच्या ओळखीचं कुणी आज, आत्ता जीव देण्याची भाषा करत असेल तर बाकी सगळं सोडून आधी पाचवं पत्र वाचा.

१. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहतो. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत. दिवाळीला आला तेव्हा दिवसभर झोपून होता, गावातल्या मित्रांकडेही गेला नाही. आता फोन उचलत नाही. उचललाच तर ‘बरंय’ एवढंच. हे म्हणतात, मोबाइलने बिघडवलंय, आळस भरलाय. आळस आणि नैराश्य ओळखायचं कसं? — एक आई, लातूर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेला आहात : मित्रांकडेही गेला नाही. आळस असेल तर मुलाला अभ्यासाचा कंटाळा येतो. क्रिकेटचा, मित्रांचा, दिवाळीच्या फराळाचा येत नाही. नैराश्यात सगळ्याचीच गोडी जाते.

डॉक्टर निदान करताना नऊ लक्षणं बघतात : मन उदास किंवा रिकामं वाटणं, कशातच रस न उरणं, झोप फार कमी किंवा फार जास्त होणं, भूक आणि वजन बदलणं, हालचाल मंदावणं किंवा उलट सारखी तगमग होणं, थकवा, स्वतःला नालायक समजणं, लक्ष न लागणं आणि मरणाचे विचार. यातली किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असतील, त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असेल आणि रोजचं काम अडत असेल, तर ते नैराश्य. या वयात उदासीऐवजी चिडचिडच पुढे येते, म्हणून घरच्यांना तो उर्मटपणा वाटतो.

मोबाइलबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. रात्री झोप येत नाही, डोक्यात तेच तेच फिरतं, ते थांबवायला हात मोबाइलकडे जातो. मग पहाटे चारला झोप, सकाळचं पहिलं लेक्चर बुडालं, आठवड्याभराने नाव कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये. यादीत नाव लागलं की सर काय म्हणतील या भीतीने प्रॅक्टिकल बुडतं, सबमिशन राहतं, टर्म वर्कची म्हणजे सत्रभराच्या कामाची सही मिळत नाही. दोन विषयांचे चार व्हायला एक सत्र पुरतं. मुलं याबद्दल घरी बोलत नाहीत, कारण सुरुवातीलाच ‘सगळं ठीक आहे’ असं सांगून बसलेली असतात आणि आता ते खोटं उघडं पडण्याची लाज वाटते.

शक्य असेल तर दोघांपैकी एकाने दोन-तीन दिवस पुण्याला या. अचानक धाड घालू नका, आदल्या दिवशी कळवा. पहिल्या दिवशी अभ्यासाचा विषय काढू नका. सोबत जेवा, खोली बघा, कपडे धुतलेले आहेत का ते बघा. मग विचारा : रात्री झोप किती वाजता लागते? जेवण जातं का? शेवटचं बरं कधी वाटलं होतं? जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न आईच्या तोंडून निघणं अवघड आहे, तरी विचारा. ‘आम्ही पोटाला चिमटा काढून शिकवतोय’ हे वाक्य मात्र नको. ते त्याला पाठ आहे आणि तेच त्याला आतून खातंय. वडिलांनी एकच वाक्य म्हणावं : ‘विषय राहिले तर राहू देत, नंतर काढू, आधी तू बरा हो.’ हे आईपेक्षा वडिलांकडून ऐकण्याची त्याला जास्त गरज आहे.

मग त्याला विचारून, त्याच्यासोबत, त्याच्या जीएफएमना म्हणजे पालक-शिक्षकांना भेटा. हजेरी किती कमी आहे, कोणतं सबमिशन अजून घेतील, वैद्यकीय कारणाचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा, हे तीन प्रश्न विचारा. राहिलेलं काम आकड्यांत समोर आलं की डोंगर निम्मा होतो. डॉक्टरांची वेळ त्याच मुक्कामात घ्या.

त्याला लगेच घरी न्यावं का? जेवण तुटलं असेल किंवा मरणाचे विचार असतील तर हो, आणि उपचार तिथे सुरू करा. तसं नसेल तर आम्ही सहसा नको म्हणतो. घरी दिवसभर अंथरुणात पडून झोपेचं घड्याळ आणखी बिघडतं आणि परत येणं दर आठवड्याला जास्त जड होत जातं.

२. नांदेड जिल्ह्यातल्या गावातून एम.ए.साठी पुण्यात आलो. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. घरी कुणी आजारी नाही, ब्रेकअप वगैरे काही नाही, नापासही झालो नाही. तरी तीन महिने सकाळी उठावंसं वाटत नाही. कारणच सापडत नाही, म्हणून जास्त अपराधी वाटतं. — एक विद्यार्थी

एकच मोठं कारण शोधताय, म्हणून सापडत नाही. विद्यार्थ्यांच्या नैराश्यात तसं कारण पुष्कळदा नसतंच. गाडीवर एकेक पोतं चढत जातं. कोणत्या पोत्याने आस मोडला, हे विचारण्यात अर्थ नसतो. कोणती पोती आज उतरवता येतील, एवढं बघायचं.

काही भार जन्मासोबत येतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला नैराश्य झालं असेल तर आपल्याला ते होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते. वयाचाही भाग आहे : मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात चोविशीच्या आत होते. म्हणजे घर सुटतं, भाषा बदलते, पैसा तुटपुंजा असतो, नेमकं तेच वय.

बाकीचा भार तुमच्या पत्त्यात दिसतो. कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने, सहा बाय तीन फुटांची जागा. तिथेच झोप, तिथेच जेवण, तिथेच अभ्यास, तिथेच घरचा फोन. मेंदूला त्या जागेचा अर्थच लागत नाही : झोपायला गेलं की अभ्यासाची टोचणी, अभ्यासाला बसलं की झोप. रूम पार्टनर रात्री दोनला लाइट लावतो. जागं राहायला अमृततुल्यमधला चौथा चहा होतो. चहातल्या कॅफीनपैकी निम्मं रक्तातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा चहा दोन वाजताही अंगात असतो. या वयात सात ते नऊ तास झोप लागते. पाच तासांवर महिनोन्‌महिने काढले तर निरोगी माणसाचंही मन उतरतं.

म्हणून उपाय झोपेपासून. उठण्याची वेळ एकच ठेवा, समजा सात, रविवारीही. झोपण्याच्या वेळेवर आपला ताबा नसतो, उठण्याच्या वेळेवर असतो. उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर चाला. पेठेतून नदीकाठ, संभाजी बाग जवळ आहेत; टेकडीवर जायचं तर उजाडल्यावर आणि सोबतीने जा. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जाग्यावर येतं, खोलीतल्या ट्यूबलाइटने नाही. चार वाजल्यानंतर चहा बंद. वाचन विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत, कॉटवर नाही. खोलीतच बसावं लागलं तर खाली चटई टाका.

दुसरं, जेवण. मेसचा डबा दोन वेळचा. सकाळी चहा-क्रीमरोल, आणि रविवारी रात्री मेस बंद. रविवारची संध्याकाळ अनेकांना सगळ्यात वाईट जाते, त्यामागे हेही असतं : पोट रिकामं, रस्त्यावर सगळे जोडीने-घोळक्याने, आणि उद्या सोमवार. रविवारी रात्री कुणासोबत तरी जेवायचं हे शुक्रवारीच ठरवून टाका. खोलीत शेंगदाणे, गूळ, केळी, फुटाणे असू द्या.

तिसरं, भाषा. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांना पहिल्या सत्रात इंग्रजी लेक्चर निम्मं कळतं आणि ती निष्कर्ष काढतात की आपली लायकी नाही. कच्ची असते ती भाषा, बुद्धी नाही. दर प्रकरणाचे वीस पारिभाषिक शब्द लेक्चरच्या आदल्या दिवशी वाचून जा. दीड-दोन महिन्यांत फरक पडतो. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येईल का, हे विभागात लेखी विचारून घ्या. तुमच्या बोलीवरून, आडनावावरून, जातीवरून कुणी टोमणे मारत असेल तर तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. तो बाहेरून घातलेला घाव आहे, आणि नैराश्याचं ते पूर्ण कारण ठरू शकतं. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा आणि समान संधी कक्षाकडे तक्रार करा. रॅगिंग असेल तर १८०० १८० ५५२२ हा देशभराचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

पैशाबद्दल तुम्ही लिहिलं नाही. बहुतेक जण लिहीत नाहीत. शिष्यवृत्ती उशिरा येते, तोवर भाडं मित्राकडून उसनं, आणि मग त्या मित्राला टाळणं. एकटेपणा असाही वाढतो. देणं किती हे कागदावर मांडा. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करा. पैशासोबत दिवसाला ठरलेले तास आणि चार ओळखी मिळतात, आणि आमच्या मते त्या पैशाइतक्याच कामाच्या आहेत. गावात पारावरून जाताना दहा जण नावाने हाक मारायचे. आज दिवसभरात तुम्हाला नावाने कुणी हाक मारली, हे रात्री आठवून बघा. उत्तर सलग काही दिवस ‘कुणीच नाही’ असेल तर औषधाआधी तिथे काम आहे.

उठावंसं वाटत नाही, त्याच्यासाठी समुपदेशनात वापरली जाणारी एक साधी पद्धत. आठवडाभर दर दोन तासांनी काय केलं आणि मन कसं होतं ते शून्य ते दहात लिहा. आठवड्याने दिसेल की काही गोष्टींनंतर आकडा थोडा वर जातो : अंघोळ, बहिणीचा फोन, पायी फेरी. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोन गोष्टी ठरल्या वेळी करायच्या, मन असो-नसो. इथे बहुतेकांचं एकच चुकतं : पहिल्याच दिवशी ‘पहाटे पाचला उठणार, दहा तास वाचणार’ असं ठरवतात, तिसऱ्या दिवशी मोडतं आणि स्वतःबद्दलचं मत आणखी खाली जातं. गोष्ट इतकी लहान ठेवा की वाईट दिवशीही होईल. पंचवीस मिनिटं एक धडा, बस्स.

आणि तीन महिने झालेत, तेव्हा हे सगळं डॉक्टरांऐवजी नाही, डॉक्टरांकडे जाता जाता करायचं आहे.

३. सतत थकवा, रडू येतं, केस गळतात. मैत्रीण म्हणते, बी-ट्वेल्व्ह कमी असेल, इंजेक्शन घे. नैराश्य की अशक्तपणा? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

दोन्ही एकत्र असू शकतं, म्हणून अंदाजाने इंजेक्शन नको. फॅमिली डॉक्टरांकडून चार तपासण्या लिहून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-ट्वेल्व्ह, डी जीवनसत्त्व. मुलींत हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. शुद्ध शाकाहारी असाल आणि दूध-दहीही कमी असेल तर बी-ट्वेल्व्ह कमी निघण्याची शक्यता बरीच. थायरॉइड मंदावलं तर थकवा, केस गळणं, उदासी सगळं हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. तपासणीसाठीचं रक्त बी-ट्वेल्व्हची गोळी किंवा इंजेक्शन घेण्याआधी द्या, नाहीतर आकडा खोटा येतो. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

उणीव निघाली तर भरून काढा, पण दीड-दोन महिन्यांत रिपोर्ट सुधारूनही रडू थांबलं नाही तर ‘आता सगळं नॉर्मल आहे’ म्हणून गप्प बसू नका. पाळीच्या आधीचा आठवडाच वाईट जातो का, तेही दोन महिने कॅलेंडरवर खूण करून बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

४. कॉलेजच्या समुपदेशकांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलंय. गोळ्यांची सवय लागते म्हणतात. घरी कळेल का? पुढे नोकरीला अडचण? आणि पैसे बेताचेच आहेत. — तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोथरूड

नैराश्य सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनाने बरं होता येतं. आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, साधारण आठ ते सोळा भेटी. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतं. तुम्हाला पुढे पाठवलंय म्हणजे त्यांना गोळ्यांची गरज वाटली असावी.

सध्या सहसा एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांपैकी एक दिली जाते. दारू-तंबाखूसारखी तलफ यांनी लागत नाही. एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. लोक त्यालाच सवय म्हणतात. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट ढिलं होणं असा त्रास होतो, आणि गुण यायला दोन ते चार, पूर्ण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्रास आधी, गुण नंतर. बहुतेक जण नेमक्या याच फटीत गोळ्या सोडतात. दुसरी चूक बरं वाटल्यावर होते : बरं वाटू लागल्यापासून किमान सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात.

पंचविशीच्या आतल्यांनी एक काळजी घ्यायची. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर तगमग किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पहिली पुनर्भेट एक-दोन आठवड्यांत हवी. आणि हे न विचारताही सांगा : आयुष्यात कधी काही दिवस असे गेले का, की तीन तास झोपूनही थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा पूर, पैसे उधळले, बोलणं थांबेना? तसं असेल तर आजार द्विध्रुवी (बायपोलर), म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह येणारा, असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी त्रास वाढवू शकते.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि येरवड्याच्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जा. रांग असते, अर्धा दिवस धरून चला. येरवड्याचं नाव ऐकून घाबरू नका, ओपीडीत दाखवून लोक त्याच दिवशी घरी जातात. लक्षणं, ती कधीपासून, चालू गोळ्या आणि घरात कुणाला असा आजार होता का, हे एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर निम्मं आठवत नाही.

अठरा पूर्ण असतील तर ओपीडीत दाखवायला आई-वडिलांची सही लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो. उपचारांची माहिती कॉलेज किंवा कंपनीकडे आपोआप जात नाही. तरी घरातल्या एका तरी माणसाला सांगा, आई नसेल तर मावशी, आत्या, मोठा भाऊ. गोळी घेतली का, हे विचारणारं कुणी असलं की औषध सुटत नाही.

५. रूम पार्टनर काल म्हणाला, ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल.’ वर म्हणाला, कुणाला सांगू नको. मी काय करू? — एक विद्यार्थी, कात्रज

आज त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?’ असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर पुढचं विचारा : कसं ते ठरवलंय का, कधी, त्यासाठी काही आणून ठेवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. जितकं ठरलेलं, तितका धोका जवळ. ‘असं बोलू नये’, ‘आई-बाबांचा विचार कर’ म्हणू नका. तो तोच विचार करून इथवर आलाय. ऐका, आणि सांगा की मी आज इथेच आहे.

गुप्त ठेवायचं वचन देऊ नका. दिलं असेल तर मोडा. १४४१६ लावा : टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन तो लावत नसेल तर तुम्ही लावा. काळजी घेणाऱ्यालाही सल्ला मिळतो. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असं घरचं माणूस शोधून आजच कळवा. खोलीत इजा होईल असं काही असेल तर बाहेर न्या, दाराला आतून कडी लावू देऊ नका, आज दारू अजिबात नको. बेत ठरलेला असेल किंवा त्याने काही करून घेतलं असेल तर सकाळची वाट बघू नका : १०८ किंवा ११२, नाहीतर रिक्षा करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात. ससूनचा तो विभाग रात्रभर चालू असतो.

पोलिसांच्या भीतीने लोक रुग्णालय टाळतात. जबाब घ्यायला पोलीस येऊ शकतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलं नाही.

बरेच दिवस उदास असलेला मुलगा एकाएकी शांत, हलका दिसू लागला, वस्तू वाटू लागला, उधारी चुकवू लागला, तर ‘बरा झाला’ समजू नका. त्या दिवशी जास्त जवळ राहा. आणि हे ओझं तुमच्या एकट्याचं नाही. तीन-चार मित्रांत पाळ्या लावा, रेक्टर किंवा घरमालकांना सांगा, आपली झोप सांभाळा. त्याला घरच्यांच्या किंवा डॉक्टरांच्या हाती सोपवणं हे तुमचं काम. त्याला बरं करणं तुमचं काम नाही.

६. वर्गात साठ-सत्तर मुलं. कोण खचलंय ते कळणार कसं? — एक प्राध्यापिका, शिवाजीनगर

हजेरीपटावरून. पहिल्या बाकावरचा मागे जातो, मागचा गैरहजर होतो, सबमिशन अगदी शेवटच्या क्षणी दिलेलं किंवा कोरं असतं. सलग पाच लेक्चर चुकलेल्याला नोटीस जाण्याआधी एक फोन जावा : ‘दिसला नाहीस, बरा आहेस ना?’ बोलायला स्टाफरूम नको. पाच जणांसमोर कुणी तोंड उघडत नाही. नैराश्य ओळखणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी मराठीत मिळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, एकूण २७ पैकी दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोलायचं. म्हणून त्याच दिवशी तपासणारं कुणी नसेल तर ही चाचणी वर्गात वाटू नका.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर प्राचार्यांना लेखी मागणी द्या. असेल तर त्यांची खोली कार्यालयाच्या रांगेतून हलवा. आत जाताना सगळा वर्ग बघणार असेल तर मुलं जाणार नाहीत.